आधी जात्यावर बसू द्या

प्रति,
काव्यस्पर्धा समिती,
आपलं मराठी मंडळ, लष्कर, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातल्या काव्यस्पर्धेचं पत्रक परवा मंडळाच्या ग्रुपवर आलं. पाठोपाठ मला वेगळा निरोपही आला, "ताई, परीक्षक म्हणून यंदाही तुम्हीच." मान दिलात, त्याबद्दल आभारी आहे. उत्तराला चार दिवस लावले आणि तेही असं उघड्यावर देते आहे, कारण गेल्या वर्षी मी जे केलं ते भर मांडवात, माइक हातात घेऊनच केलं होतं.

पत्रकातल्या अटी जशाच्या तशा पुन्हा आल्या आहेत. विषय तीन: पाऊस, आई, मायबोली. ओळी सोळा ते वीस. यमक आवश्यक. भाषा शुद्ध मराठी, हिंदी शब्द आढळल्यास प्रत्येकी अर्धा गुण वजा. आणि शेवटची अट यंदा नवी आहे: "सणाचं वातावरण लक्षात घेऊन दुःखद व निराशाजनक विषय टाळावेत."

अर्ध्या गुणाची ती अट माझीच. तीन वर्षांपूर्वीच्या बैठकीत मीच सुचवली होती. सरकारी शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवून घरी आल्यावर मराठी तरी निर्मळ राहावी, असं मला वाटायचं. आपल्याकडची पोरं "मी जाऊन राहिलो आहे" म्हणतात, "सब्जी काय केली" विचारतात, ते ऐकून जीव तुटायचा. आजही थोडा तुटतो. तरी ती अट मागे घ्या, एवढं सांगायला हे पत्र.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी पहिल्यांदाच कविता दिली. वय सत्तरीच्या पुढचं. काका बिर्लानगरच्या मिलमध्ये होते, त्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगे पुण्यात आणि बंगळुरूत. काकूंची परवानगी घेऊन ती कविता इथे देते. चारच ओळी होत्या, म्हणजे ओळींची अट तिथेच मोडली होती.

तुमचा चश्मा खिडकीत पडला आहे
धूप त्यातून अखबारावर येते
मी रोज दहा वाजता उठून त्याला सरकवते
घर सूनं आहे पण जळायला नको

मी लाल पेनानं चार गोल केले. चश्मा, धूप, अखबार, सूनं. दोन गुण गेले. खाली लिहिलं, "यमक नाही. 'धूप'ऐवजी 'ऊन' योजावे." आणि बक्षीस समारंभात उदाहरण म्हणून, नाव न घेता, वाचूनही दाखवलं की हिंदी आपल्या नकळत कशी घुसते. लोक हसले. काकू चौथ्या रांगेत बसल्या होत्या.

महिन्याभरानं दौलतगंजात भाजी घेताना भेटल्या. रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "बाई, तुम्ही सांगितलंत तसं मी 'ऊन' लिहून पाहिलं हो. पण यांना मी अठ्ठेचाळीस वर्षं 'धूप आली, आत या' असंच म्हणत होते. 'ऊन' लिहिलं तर दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याला हाक मारल्यासारखं होतं."

घरी येऊन मी कोश उघडला. 'सुनं' हा तर चांगला मराठी शब्द, शून्यापासून आलेला. फार तर सु ऱ्हस्व हवा होता. चष्मा आपण फारसीतून घेतला, अखबार अरबीतून फारसीत आणि तिथून हिंदीत गेला. आणि काकूंनी अखबाराऐवजी 'पेपर' लिहिलं असतं तर? मी गोल केला नसता. मनाला विचारून सांगते, नसताच केला. पुण्याच्या घरात चालतं ते इंग्रजी आपल्याला मराठी वाटतं आणि ग्वाल्हेरच्या घरात चालतं ते हिंदी मात्र भेसळ. शेजारच्या घरातली साखर चालते, मीठ चालत नाही, तसला हा सोवळेपणा.

गोल करायचेच म्हटले तर आपल्या पत्त्यापासून सुरुवात करावी लागेल. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला म्हणून या वस्तीला लष्कर म्हणतात, आणि लष्कर हा शब्द फारसी. मंडळाच्या लेटरहेडवरच अर्धा गुण गेला.

माधव जूलियनांचं तरी काय? बडोद्यात जन्मलेला हा कवी १९२५ साली फारसी-मराठी कोश करतो, १९३३ च्या 'गज्जलांजली'त मराठीला गझल देतो आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. तेरा वर्षांत एकाच माणसात ही दोन्ही टोकं. मी त्यांना नावं ठेवत नाही. भाषा कुठवर सैल सोडावी, कुठे आवळावी, हा प्रश्न एवढ्या विद्वानालाही एका उत्तरात सुटला नाही. आपण मात्र तो अर्ध्या गुणात सोडवला होता.

आपण स्मरणिकेत दरवर्षी छापतो की राजकवी भा. रा. तांबे आपले. मुंगावलीत जन्म, शिक्षण नि नोकऱ्या देवास वगैरे संस्थानांत, अखेर १९४१ साली इथे ग्वाल्हेरात. छापतो, पण त्या माणसाच्या कवितांच्या खाली काय लिहिलं असतं ते बघत नाही. जाती म्हणजे छंदाचा प्रकार, राग, ठिकाण. देवास, अजमेर, लष्कर. ज्या मराठी कविता आज पुण्या-मुंबईच्या घरात गुणगुणल्या जातात, त्या रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या गावांत बसून लिहिल्या गेल्या, आणि कवितेच्या डोक्यावर राग लिहावासा वाटला तो या मातीतल्या गाण्यामुळे, असं मला तरी वाटतं. मराठी मुलुखापासून लांब असणं हे तांब्यांच्या कवितेचं वैगुण्य झालं नाही.

दुसरं उदाहरण अधिक जवळचं. गजानन माधव मुक्तिबोध, जन्म १३ नोव्हेंबर १९१७, श्योपूर, तेव्हाचं ग्वाल्हेर संस्थान. वडील पोलीस खात्यात, घरात मराठी. ते हिंदीत लिहायला लागले आणि हिंदी कवितेचा चेहरा बदलून गेले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. 'नवी मळवाट' हा त्यांचा कवितासंग्रह १९४९ चा. एकच स्वयंपाकघर, एकच आई, आणि एका भावाला आतलं बोलायला हिंदी सापडली, दुसऱ्याला मराठी. १९४३ च्या 'तार सप्तक' या हिंदी कवितासंग्रहात सात कवी आहेत. त्यांतले दोन, मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरात जन्मलेले प्रभाकर माचवे, घरी मराठी बोलणारे. आपल्या समितीकडे ती हस्तलिखितं आली असती तर किती गुण वजा झाले असते, हा हिशेब मी रात्री अंथरुणात करून पाहिला आहे.

मुक्तिबोधांचा 'तीसरा क्षण' हा लेख मी वर्गात किती वेळा शिकवला असेल. ते म्हणतात, कलेचे तीन क्षण असतात. पहिला, आयुष्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटा होऊन डोळ्यांसमोर एखाद्या कल्पनाचित्रासारखा उभा राहतो तो. आणि तिसरा, ते चित्र शब्दांत उतरू लागतं तिथून ते पुरं होईपर्यंतचा. त्यातली मेख अशी की, तिसऱ्या क्षणात ते चित्र बदलतं. शब्द शोधता शोधता आपल्याला काय वाटत होतं तेच बदलतं, नाहीतर पहिल्यांदा कळतं. परीक्षेत यावर दहा गुणांचा प्रश्न यायचा. उत्तर मला पाठ होतं. अर्थ मात्र काकूंनी सांगितला, भाजीच्या गाडीपाशी.

कारण त्या पुढे म्हणाल्या होत्या, "लिहीपर्यंत मला ठाऊकच नव्हतं, मी रोज तो चश्मा सरकवते म्हणून." आठ महिने हात रोज ते काम करत होता आणि बाईला त्याची खबर नव्हती.

त्या दिवाळीनंतर मी माझ्या घरी रविवारची बैठक सुरू केली. गुन्ह्याची भरपाई म्हणा. सात-आठ जण येतात, थंडीत रजया पांघरून बसतात, चहा नि तिळाची गजक असते. विषय दिला जात नाही. वीस मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मी धरून. मग ज्याला वाचायचं त्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यानं 'वा' म्हणायचं नाही, सुधारणा सुचवायच्या नाहीत. फार तर विचारायचं, "हे कुठे घडलं?", "हातात काय होतं?" एवढाच कायदा. बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ येतात. त्यांनी एका रविवारी तीन पानं भरभरून लिहिली, शांतपणे फाडली, तुकडे शर्टाच्या खिशात टाकले नि म्हणाले, "बरं वाटलं, निघतो." ती कविता झाली की नाही? मला वाटतं झाली. आपल्या पत्रकात तिला रकाना नाही.

काकूंचं तर वेगळंच निघालं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत त्यांनी हे लिहिलं:

पासबुक कुठं ठेवलंत ते सांगितलं असतं
तर मी नीट रडले असते
आता रडता रडता दराजं उघडते

वाचून झाल्यावर स्वतःच दचकल्या. "अगं बाई, मला वाटत होतं मला दुःख झालंय. मी तर यांच्यावर चिडलेय!" काका गेले तेव्हा घरातला एकही कागद कुठे आहे हे काकूंना माहीत नव्हतं, आणि येणारा-जाणारा म्हणत होता की सोन्यासारखा माणूस गेला. सोन्यासारख्या माणसावर चिडायचं कसं? आणि मेलेल्या माणसावर? ते वहीत आलं, मोठ्यानं वाचलं गेलं, सगळे हसले, काकूही हसल्या. या खेपेचं हसणं वेगळं होतं. पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या मुलाला बोलावून घेऊन त्यांनी सगळी कपाटं उपसली. पासबुक देवघरात पोथीखाली सापडलं.

यंदाची नवी अट इथे आठवते. दुःखद विषय टाळावेत. अहो, त्याच मांडवात आरतीनंतर आपण तुकोबांचे अभंग म्हणतो. दुष्काळात पैसा आटला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली, हे त्या माणसानं स्वतःच्या अभंगात लिहून ठेवलं आहे. पत्रकाप्रमाणे ते बाद.

आता पोरांचं सांगते, कारण तुम्हाला खरी काळजी त्यांची आहे, आणि ती मला पटते. मराठी टिकावी म्हणून तर आपण हे सारं करतो. एक चौदा वर्षांचा मुलगा आजीचा हात धरून बैठकीला येतो. खरं तर आजीच त्याचा हात धरून येते, त्यानं मोबाइलमधून मान वर काढावी म्हणून. शाळा इंग्रजी, मित्र हिंदी, मराठी फक्त आजीशी. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, "टेंशन सकाळी, टेंशन रात्री, टेंशन बेडईच्या आलूत." बेडई म्हणजे आपल्याकडची डाळ भरलेली पुरी. अकरा ओळींत आठ वेळा टेंशन. जुनी मी असते तर मित्रांच्या हिंदीतून आलेला शब्द म्हणून चार गुण तिथेच गेले असते.

त्याला एवढंच विचारलं, "टेंशन आलं की पोटात काय होतं?" म्हणाला, "पता नाही. कधी गडबड होते, कधी एकदम खाली खाली वाटतं." मग आजी बोलल्या. धाकधूक म्हणजे काय, घालमेल कशाला म्हणतात, हुरहूर आणि काहूर यांत फरक काय. चुटपुट लहान, रुखरुख लांबते. हळहळ दुसऱ्यासाठी. तगमग अंगाची पण होते, जिवाची पण. मी तीस वर्षं मास्तरकी करून जे एका दमात सांगू शकले नसते ते त्या माउलीनं वाटाणे सोलता सोलता सांगितलं. मुलानं विचारलं, "धाकधूक आणि रुखरुख सेमच ना?" आजी म्हणाल्या, "नाही रे राजा. धाकधूक पुढच्या गोष्टीची, रुखरुख मागच्या."

तो गप्प झाला. दोन आठवडे काही लिहिलं नाही. मग एका रविवारी हे वाचलं:

गाडी साडेआठला होती
मी सात वाजता बेडई खात होतो
आठ वाजता पण
रुखरुख तेलकट असते
हात धुतले तरी जात नाही

त्याचा जिवलग मित्र कोटाला कोचिंगसाठी गेला होता. जाण्याआधी दोघांचं भांडण झालं होतं, आणि हा स्टेशनवर गेला नव्हता. दोन महिने त्या पोराला वाटत होतं की आपल्याला परीक्षेचं टेंशन आहे. घरच्यांनी त्यासाठी गणिताची शिकवणीही लावली होती. शब्द बदलला आणि दुखणं कुठलं ते कळलं. त्या रात्री त्यानं मित्राला फोन केला. काय बोलले ते आम्ही विचारलं नाही.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून जरा रेंगाळते. 'रुखरुख' हा शब्द त्या मुलानं मराठीच्या अभिमानापोटी घेतला नाही. त्याला गरज पडली म्हणून घेतला. हिंदीत, इंग्रजीत तेवढ्या मापाचा शब्द त्याच्या हाताशी नव्हता, मराठीत होता, आणि तो सांगणारी आजी शेजारी बसली होती. पण तिथवर तो 'टेंशन'वरून चालत आला. 'टेंशन' ही त्याची पहिली पायरी होती आणि आपण नेमकी तीच पायरी काढून घेऊन म्हणतो, वर ये. अर्धा गुण कापला असता तर तो 'ताण' लिहून मोकळा झाला असता. शुद्ध मराठी शब्द, आणि पोटातल्या गडबडीशी त्याचा काहीएक संबंध नाही. काकूंनी मात्र उलटं केलं, 'ऊन' नाकारून 'धूप' ठेवली. दोघांनीही आपापला खरा शब्द शोधला, एकाला तो आजीच्या मराठीत मिळाला, दुसरीला संसारातल्या हिंदीत. लाल पेनाला हा फरक कळत नाही. मला कळला नव्हता.

आपल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपण ती म्हण आळशी माणसाला टोमणा म्हणून वापरतो, पण तिच्यात कवितेची सगळी रीत आहे. आधी बसायचं, हाताला काम, पहाटेची वेळ, ऐकायला दगड. मग सासरचं, माहेरचं, मेलेल्या लेकराचं, न बोलणाऱ्या नवऱ्याचं जे कुणाशी बोलता येत नाही ते दळणाबरोबर बाहेर पडतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या लाखभर ओव्यांना कुणी विषय दिला नव्हता. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्या म्हणत गेल्या, मुलानं आणि नात्यातल्यांनी उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक झालं. खानदेशी बोलीत. प्रमाण मराठीच्या हिशेबानं गोल करायला बसलं तर पानभर लाल.

आपण काय करतो? जातं देत नाही, दळण देत नाही, पहाट देत नाही. पत्रक काढतो: पाऊस या विषयावर सोळा ओळींची ओवी ३१ तारखेच्या आत आणून द्यावी.

कुणी म्हणेल, ही बाई कवितेला दवाखाना करते आहे. थोडं खरं आहे, आणि थोड्याला शास्त्राचा आधारही आहे. १९८६ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत अवघड प्रसंगाबद्दल लिहायला बसवलं. ज्यांनी घटनेसोबत मनातलंही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी भरल्या. माझ्या दिवाणखान्यात मी कुणाचा रक्तदाब मोजलेला नाही. आणि वही म्हणजे औषध नव्हे, हेही एकदा अनुभवलं. एका मुलीच्या ओळी ऐकून माझ्या काळजात चर्र झालं. तिथे 'छान लिहिलंस' म्हणून पुढे जाता आलं नसतं. तिच्या आईला बाजूला घेऊन बोलले, त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, आज पोर बरी आहे. मनाच्या दुखण्यांसाठी सरकारचा टेलि-मानस म्हणून १४४१६ हा मदतीचा नंबर आहे, तो आपल्या सूचनाफलकावर बारा महिने लावून ठेवा. त्याला काव्यस्पर्धेची वाट बघायला नको.

तर परीक्षक व्हायला माझा नकार आहे. पण नुसता नकार देऊन घरी बसायची माझी इच्छा नाही.

पाठांतर स्पर्धा ठेवा. तिथे शुद्ध उच्चारांना गुण द्या, चांगले कडक द्या. श्लोक, मोरोपंत, तांबे, जे हवं ते पाठ करून घ्या. त्या स्पर्धेची परीक्षक मी आनंदानं होईन आणि 'ळ'च्या जागी 'ल' म्हणणाऱ्याला माझ्याकडून दयामाया मिळणार नाही. शुद्धलेखनाचा वर्गही घेते, मंगळवारी संध्याकाळी, फुकट. पण माणसानं स्वतःचं लिहिलेलं जे आहे, त्याला क्रमांक देऊ नका. पहिला, दुसरा, तिसरा ठरवायला लागलं की पोरं परीक्षकासाठी लिहितात, आणि परीक्षकाला काय आवडतं ते त्यांना आपल्याआधी कळतं. म्हणून तर दरवर्षी चाळीस कवितांत अडतीस वेळा आई देवासमान असते. त्या अडतीसांतल्या एकाही आईला गुडघेदुखी नसते, एकही आई खोटं बोलत नाही, एकीच्याही हातून दूध उतू जात नाही.

१९६१ साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. हेही आपण स्मरणिकेत छापतो, आणि छापलंच पाहिजे. यंदा त्या पानाच्या मागे दोन कोरी पानं सोडता येतील का? छपाईचा खर्च वाढेल म्हणून कोषाध्यक्षांची भुवई वर जाईल, ती मला इथून दिसते आहे. गजकीचे पैसे मी वाचवते, त्यातून घ्या.

मागणं खरं तर याहून छोटं आहे. गणपती बसेपर्यंत पाच रविवार आहेत. मंडळाचा खालचा हॉल रविवारी दुपारी चार ते सहा मोकळा असतो, मी रजिस्टर पाहून आले. माझ्या घराचा जिना उभा आहे, काकूंच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, गेल्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. आजी म्हणतात त्यांनाही धाप लागते. पाचही रविवारी हॉल द्या. सतरंज्या आहेतच. वह्या मी आणते, चहाचं बँकेतल्या भाऊंनी अंगावर घेतलं आहे. माइक नको. पंखे दोनच चालतात, तेवढे पुरे. उत्सवात एक संध्याकाळ आम्हाला द्या. ज्यांना वाचायचं ते वाचतील, ज्यांना नाही ते ऐकतील, आणि निवेदकानं दोन कवितांच्या मध्ये शेर म्हणू नयेत, ही मात्र हात जोडून विनंती.

त्या संध्याकाळी चश्म्याची कविता पुन्हा वाचली जावी अशी माझी इच्छा आहे, काकूंच्या तोंडून, होती तशी. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघू. आधी तुमचे ते लाल गोल असलेलं पान परत द्या, माझ्याकडे दुसरी प्रत नाही." गेल्या वर्षीच्या सगळ्या कविता मंडळाच्या कपाटात, निळ्या फायलीत असाव्यात. कपाटाची आणि हॉलची किल्ली सध्या कुणाकडे असते, तेवढं कळवावं. मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
गेल्या वर्षीची परीक्षक